उंबऱ्यावरचं पाणी

रविवार, १८ मे

दुसऱ्यांदा गाडी थांबवावी लागली. दार उघडून खाली उतरेपर्यंतही धीर निघाला नाही. सिल्वानोने पाठीवर हात ठेवला, तो मी झटकला. क्रासिमिरा स्टिअरिंगवरून हात न काढता म्हणाली, "होऊ द्या, बाई. या घाटात सगळ्यांनाच होतं. गेल्या वर्षी एका नवऱ्याला झालं. बायको त्याच्यावर ओरडत होती, आई मी होणार आणि उलट्या तू का करतोस."

सिल्वानो हसला. तोंड रिकामं असतं तर मीही हसले असते.

क्रासिमिरा आमची दुभाषी. अकरा वर्षं बोलोन्यात एका म्हातारीकडे कामाला होती. "माझं इटालियन त्या म्हातारीचं," ती म्हणाली. "औषधं आणि शिव्या तोंडपाठ. बाकीचं निभावून नेते."

सोफियाच्या विमानतळावरून निघून संध्याकाळी सहाला व्रात्साला पोचलो. हॉटेलच्या खिडकीत डोंगराशिवाय काही मावत नाही. आमच्याकडे, पो नदीच्या मुखाशी, सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे बांध. मी पडदा ओढून घेतला.

दत्तकाचं काम बघणाऱ्या आमच्याकडच्या समाजसेविकेने सांगितलं होतं, रोज लिहा, मुलगी मोठी झाल्यावर विचारेल. त्यासाठी निळी वही आणली आहे. तीत आज लिहिलं: "प्रवास छान झाला. डोंगर फार सुंदर आहेत." ही वही वेगळी. ही कुणासाठी नाही.

नियम पुन्हा लिहून काढते, म्हणजे डोकं जाग्यावर राहील. उद्यापासून पाच दिवस, रोज सकाळी दोन तास भेट. शुक्रवारी दुपारी कचेरीत जाऊन होय की नाही ते सांगायचं. नाही म्हटलं तर मुलीची फाइल दुसऱ्या जोडप्याकडे जाते. होय म्हटलं तरी ती लगेच मिळत नाही. कोर्टाला चार-पाच महिने लागतात, तोवर ती इथेच राहणार, मग आपण पुन्हा येऊन तिला न्यायचं. आणि तिला जन्मापासून सांभाळणारी बाई या पाच दिवसांबद्दल चार ओळी लिहून देते.

त्या चार ओळींची मला घाटापेक्षा जास्त धास्ती आहे.

मुलीचं नाव बिल्याना. सतरा महिने. आमच्याकडे तिचे तीन फोटो आहेत. तिन्हींत ती दुसरीकडे बघते आहे.


सोमवार, १९ मे

मला काहीच वाटलं नाही.

हे आधी लिहिते. खाली लिहीत गेले तर गाळून टाकीन.

घर गावाच्या टोकाला. अंगणात द्राक्षाचा वेल, कोंबड्या, दोरीवर लहान मोजे. मुलीला सांभाळणारी त्सोंका दारात उभी होती. एकसष्ट वर्षांची, थोराड बाई. हात ओले होते म्हणून तिने मनगट पुढे केलं, आणि मी तिचं मनगट हलवलं. मुलगी तिच्या कडेवर. मुलीने सिल्वानोच्या घड्याळाकडे पाहिलं, कोंबडीकडे पाहिलं. मी हात पुढे केले तेव्हा तिने तोंड त्सोंकाच्या मानेत घातलं.

सहा वर्षं कागद गोळा केले. बोटांचे ठसे दिले, रक्त दिलं, बँकेची पत्रं दिली. एका मानसतज्ज्ञाने विचारलं होतं, तुम्ही रागावल्यावर काय करता. मला वाटायचं, ती समोर आली की छातीत काहीतरी हलेल. मला दिसले ते दात. वरचे चार, खालचे चार, वरचा डावीकडचा पुढचा किंचित तिरका. बावीस वर्षं मी दातांच्या कवळ्या बनवते. कुणीही भेटलं की आधी तेच दिसतं. आज त्यापुढे काही दिसलंच नाही.

फेब्रुवारीत आम्ही कापडी बांधणीचा अल्बम पाठवला होता. मी, सिल्वानो, घर, मांजर, सिल्वानो शेतांतलं पाणी उपसतो ते पंपघर. त्सोंकाने तो आणून दाखवला. कोपरे चावलेले. सिल्वानोचं पान सुटलेलं. माझ्या चेहऱ्यावर नारिंगी डाग, भोपळ्याचा असावा. तीन महिन्यांत ही दशा. दुसऱ्याची वस्तू जपायची तरी. मुलीने त्या डागावर दोनदा थापट मारली.

"बघ, ओळखते तुला," सिल्वानो म्हणाला.

"मारते आहे," मी म्हणाले.

त्सोंका माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून काहीतरी बोलली. क्रासिमिराने सांगितलं, "त्सोंकामावशी म्हणतात, एवढी काटकुळी बाई मुलीला उचलणार कशी. आधी जेवून घ्या." मग ताटभर बानित्सा आली, चीज घातलेली, तुपकट. मी अर्धा तुकडा खाल्ला. सिल्वानोने तीन.

मुलगी त्सोंकाला आजी म्हणते. मी क्रासिमिराला विचारलं, "मग आई कुणाला म्हणते?"

तिने विचारलं. त्सोंका ताट उचलता उचलता थोडक्यात उत्तरली.

"म्हणतात, तो शब्द अजून कुणाला दिलेला नाही."

हा टोमणा होता. तिच्या घरात बसून, तिची बानित्सा खाऊन मी तो गिळला.

निघताना आणखी एक झालं. आम्ही बूट चढवत होतो तेवढ्यात त्सोंका आतून तांब्याचं भांडं घेऊन आली आणि आमच्या पायांसमोर उंबऱ्यावर पाणी ओतलं. सगळं. मग बाजूला होऊन आमच्याकडे बघत राहिली. क्रासिमिरा तेव्हा गाडी वळवायला गेली होती. मी पाय आखडून कडेने उतरले. सिल्वानो सरळ त्यातून चालत गेला. त्याला पाण्यात चालायची सवय आहे.

गाडीत मी हळूच म्हटलं, "पाहिलंस?"

"काय?"

"आपण गेल्यावर पायरी धुवायची, तेवढीही वाट पाहिली नाही तिने."

"बाई स्वच्छ असेल," तो म्हणाला.

संध्याकाळी आईचा फोन आला. तिला सांगितलं. आई दोन वर्षांची असताना मोठ्या पुरात तिला खिडकीतून होडीत उतरवलं होतं. आमच्या भागात उंबऱ्याशी पाणी आलं की माणसं एकच अर्थ लावतात: उठा आणि निघा.

"अगं, उंबऱ्यावर?" ती म्हणाली. "चांगलं नाही हे, नीवेस."

निळ्या वहीत: "आज तुला पहिल्यांदा पाहिलं. तू पिवळे मोजे घातले होतेस."


मंगळवार, २० मे

मुलगी रडली. मी जमिनीवर तिच्यासमोर बसले होते, लाकडी ठोकळे रचत. तिला दिसलं की त्सोंका खोलीत नाही, आणि सुरू झाली. मला वाटलं, त्सोंका धावत येईल. आली नाही. दाराच्या फटीतून तिच्या एप्रनचं टोक दिसत होतं. बहुधा पलीकडे भाजी निवडत असावी. सात मिनिटं. मी घड्याळ बघितलं. एवढं दगडाचं काळीज असेल असं वाटलं नव्हतं.

शेवटी सिल्वानोने किल्ल्यांचा जुडगा वाजवला आणि ती गप्प झाली. त्याच्या गुडघ्यापर्यंत आली, जुडगा घेतला, गेली. तो तासभर त्याबद्दल बोलत होता, इतकं तो वर्षात बोलत नाही.

निघताना पुन्हा पाणी. कालपेक्षा जास्त. मी भिंतीला धरून, वेलाच्या खांबावर पाय देऊन उतरले. एक थेंबही लागू दिला नाही. वळून पाहिलं तर त्सोंकाचं तोंड एवढंसं झालं होतं. तिला कळलं की मला कळलं आहे.

क्रासिमिराला विचारावं असं मनात आलं. पण काय विचारणार? ही बाई आम्हाला हाकलते का, असं? आणि ती हो म्हणाली तर?


बुधवार, २१ मे

क्रासिमिरा घाईत होती. आम्हाला दारात सोडून, बारा वाजता न्यायला येते म्हणाली आणि गेली. दोन तास कुणालाच कुणाचं बोलणं कळत नव्हतं. त्यात एक प्रकारची विश्रांती होती.

मुलगी चिडचिडी. लाळ गळत होती, काही खाल्लं नाही. त्सोंका तिच्या पोटावर हात फिरवत होती. मी एकदा घ्यायला गेले. मुलगी धनुष्यासारखी मागे वाकली. त्सोंकाने तिला माझ्याकडे ढकललं, मुलगी किंचाळली, मी हात मागे घेतले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तिचे डोळे भरलेले होते. माझ्यावरच्या रागाने माणसाचे डोळे भरतात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आज मी आधीच ठरवलं होतं. बारा वाजायला पाच मिनिटं असताना सिल्वानोचा हात धरला आणि मागच्या दाराने, कोंबड्यांच्या कुंपणातून बाहेर पडले. आम्ही फाटकाशी पोचतो तर त्सोंका घराला वळसा घालून धावत आली, एकसष्ट वर्षांची बाई, चपला न घालता, हातात ते भांडं. निम्मं तिच्याच अंगावर सांडलेलं. ओरडून काहीतरी म्हणाली. मी फाटक लावून घेतलं.

"मागून येऊन ओततेय," मी म्हणाले. "आता तरी पटलं?"

सिल्वानो म्हणाला, "तीस वर्षं मी जमिनीतून पाणी उपसतो. ओतणारं माणूस पहिल्यांदा बघतोय." पण हसला नाही.

हॉटेलवर आल्यावर त्याला सांगितलं. शुक्रवारी सही करू नये असं वाटतं. सगळं स्वच्छ सांगितलं: ती मुलगी त्सोंकाची आहे. त्सोंकाला आम्ही नको आहोत, आणि ती चार ओळींत तसं लिहिणार. आणि न लिहिलं तरी, मला काही वाटत नाही. तीन दिवसांत एकदाही वाटलं नाही. ज्या बाईला काही वाटत नाही तिने कुणाचं मूल उचलून परदेशी नेऊ नये.

तो बुटांच्या नाड्या सोडत होता. त्या त्याने परत बांधल्या.

"ठीक," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं."

मग तो फिरायला गेला. तासाभराने चेरी घेऊन आला. डोळे लाल होते. रस्त्यात पॉप्लरचा कापूस उडतोय, डोळ्यांत गेला म्हणाला. आमच्याकडे बांधावर तीच झाडं आहेत, तिथे त्याला कधी त्रास होत नाही. इथली हवा वेगळी असेल.

त्याने माझ्या बाजूने वाद घातला नाही, मुलीच्या बाजूनेही नाही. याचं मला वाईट वाटलं. म्हणजे त्यालाही तसंच वाटत असणार.

निळ्या वहीत काही नाही.


गुरुवार, २२ मे

गाडीत बसल्या बसल्या क्रासिमिरा सुरू झाली. "कालचं माफ करा, बाई. रालित्साचा, माझ्या लेकीचा, शेवटच्या वर्षाचा पेपर होता. आणि सकाळी नळाला पाणी नाही. पोरगी दारात उभी. म्हणते, पाण्याशिवाय मी उंबरा ओलांडत नाही. मी म्हटलं, अगं, अभ्यास केला असतास तर कोरड्या पायांनीही पास झाली असतीस. ऐकायलाच तयार नाही. शेवटी फ्रिजमधली सोड्याची बाटली ओतली. आता पेपरात बुडबुडे आले तर मला सांगू नकोस म्हटलं."

सिल्वानो हसला.

मी विचारलं, "कसलं पाणी?"

"उंबऱ्यावरचं हो. माणूस मोठ्या कामाला निघालं की त्याच्यासमोर ओततात. परीक्षा, लग्न, नोकरी. त्यातून चालत गेलं की काम पाण्यासारखं सरळ होतं." तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे नाही ओतत?"

सिल्वानोने हसणं थांबवलं.

"आमच्याकडे उपसतात," तो म्हणाला.

क्रासिमिरा गिअर बदलत म्हणाली, "त्सोंकामावशींनी काल फोन केला होता. विचारत होत्या, ती बाई कडेकडेने का जाते, तिला मुलगी नको आहे का. काल तर मागच्या दाराने पळाली म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी, बूट महागातले असतील."

मी खिडकीची काच खाली केली. या वेळी घाट नव्हता, सरळ रस्ता होता.

गाडी थांबवून क्रासिमिराला सगळं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. एवढ्यात घर आलं.

मुलीचे हाल कालच्यापेक्षा वाईट. रात्रभर झोपली नव्हती. त्सोंका बडीशेपेचं पाणी पाजत होती. "पोट धरलंय म्हणतात," क्रासिमिराने सांगितलं. मुलगी मूठ तोंडात कोंबत होती, गाल एका बाजूने लाल, कान ओढत होती. डावा कान.

"पोट नाही," मी म्हणाले.

हात धुतले. साबणाने, कोपरापर्यंत, कामावर धुते तसे. त्सोंकाच्या कडेवर असतानाच मुलीच्या तोंडात करंगळी घातली आणि खालच्या डाव्या हिरडीवरून फिरवली. फुगलेली, गरम, आणि कातडीखाली कडक टोक. दाढ. मी दाबून चोळलं. मुलगी एकदम थांबली. रडणं घशात अर्धं राहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदा, आणि करकचून चावली.

मी बोट काढलं नाही. तीही सोडेना. त्सोंकाने तिला हळूच माझ्या अंगावर सरकवलं आणि ती आली, कारण तोंडात माझं बोट होतं. वजन मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. वीस मिनिटं मी तशीच उभी. हात बधिर झाला. मग ती झोपली. बोट बाहेर काढलं तर त्यावर खूण. वरचे चार, खालचे चार. डावीकडचा तिरका. हजार ठशांतून मी हा ठसा ओळखीन.

त्सोंका खोलीत नव्हती. फटीतून एप्रनचं टोक दिसत होतं. भाजी मात्र आज बाहेर अंगणात होती, आधीच निवडून ठेवलेली.

मला काही वाटलं का? माहीत नाही. हात दुखतो आहे.

निघताना मी पुढच्या दाराशी थांबले. भांडं आलं नाही. त्सोंका मुलीपाशी बसून राहिली होती. मी पाणी कसं मागणार? कोरड्या पायरीवरून उतरलो.

सिल्वानो अजून काही विचारत नाही. उद्या दोन वाजता कचेरी. तिने चार ओळी लिहिल्याही असतील. बहुधा बुधवारीच.


शुक्रवार, २३ मे

सकाळी गाडीत बसायच्या आधी क्रासिमिराला सांगितलं. पूर, आई, होडी, पायरी, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तीन दिवस तुम्हाला वाटत होतं की त्या हाकलताहेत?"

"हो."

"आणि तरी रोज येत होतात?"

मी गाडीत जाऊन बसले.

त्सोंकाला तिने ते अंगणातच सांगितलं. खूप वेळ सांगत होती, हातवारे करून. त्सोंका ऐकता ऐकता कोंबड्यांचं भांडं खाली ठेवून बसली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. हसत होती. डोळे पुसून म्हणाली ते क्रासिमिराने सांगितलं: "म्हणतात, मी रोज एक लोटा वाढवत गेले. शुक्रवारपर्यंत आमची विहीर आटली असती."

दाढेचं टोक वर आलं आहे. मुलगी दोन तासांत माझ्याकडे दोनदा आली. दोन्ही वेळा बोटासाठी. एकदा त्सोंकाने अल्बम उघडला, डाग पडलेलं पान. मुलीने त्यावर थापट मारली आणि मग माझ्या गुडघ्यावर मारली. सिल्वानोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दोघींना मारते."

"हो," तो म्हणाला.

बारा वाजले. बूट घातले. त्सोंकाने मुलीला उंबऱ्याशी उभं केलं आणि भरलेलं भांडं तिच्यासमोर ठेवलं. काही सांगावं लागलं नाही. मुलीने दोन्ही हातांनी ढकललं. सगळं पाणी माझ्या बाजूला आलं. सतरा महिन्यांच्या बाईला तेवढंच करायचं होतं. ती लगेच रिकामं भांडं वाजवायला लागली.

मी मधोमध पाय ठेवला. बूट भरले. दोन पावलं चालले, मग परत वळून पुन्हा त्यातूनच आले, कारण त्सोंकाला काही सांगायचं होतं आणि शब्द नव्हता. तिने मनगट पुढे केलं. हात आज कोरडे होते, तरी मनगटच. मी ते धरलं. मुलगी रडली नाही. मी रडले नाही. त्सोंका आत गेली आणि आतून बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. भांडं धूत असेल.

कचेरीत माझ्या बुटांचा फचफच आवाज. दारापासून टेबलापर्यंत ओल्या खुणा. तिथली बाई फरशीकडे बघून क्रासिमिराला काहीतरी म्हणाली. क्रासिमिराने आम्हाला ते सांगितलं नाही, नुसती हसली.

मग त्या बाईने फाइल उघडून त्सोंकाचा कागद वाचला, आणि क्रासिमिरा एक एक ओळ सांगत गेली.

"मुलगी या दोघांबरोबर खाते. मुलगी बाईंच्या अंगावर झोपली. मला ओळखता न आलेली दाढ बाईंनी ओळखली. मुलीला लवकर न्या, पुढच्या थंडीच्या आत, म्हणजे मला सवय करता येईल."

खाली तारीख गुरुवारची होती.

सिल्वानोने पेन माझ्याकडे सरकवलं. स्वतः आधी सही केली नाही. मी सही केली, मग त्याने केली. त्याच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. खिडकी बंद होती.

निळ्या वहीत आज पाण्याचं लिहायला बसले. दोन पानं झाली, अजून मंगळवारच चालू आहे.


शनिवार, २४ मे

सोफिया. सकाळी पाचला उठलो. विमान वेळेवर आहे. माझे बूट अजून ओले होते. तेच घालून निघाले.